इगतपुरीची सीमा : विद्युत्-कर्षणातील अर्धसंवाहक स्विचांच्या निवडीचा इतिहास

विद्युत्‌शक्तीच्या नियंत्रणासाठी कोणता अर्धसंवाहक स्विच निवडावा, ह्या प्रश्नाची चर्चा पाठ्यपुस्तकांत बहुधा एका तक्त्याने संपते. थायरिस्टर, जी.टी.ओ., मॉसफेट आणि आय.जी.बी.टी. हे चार स्तंभ. प्रत्येकापुढे तो किती दाब सोसतो, किती प्रवाह वाहतो व सेकंदाला किती वेळा उघडझाप करू शकतो ह्यांचे आकडे. विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, प्रत्येक नवा स्विच जुन्याहून सरस होता व म्हणून त्याने जुन्याची जागा घेतली. प्रत्यक्ष इतिहास इतका सरळ नाही. तो पाहावयाचा झाल्यास मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी, देवळाली व नाशिक रोडकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गाइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे क्वचितच सापडेल. नाशिक रोड येथे रेल्वेच्या कर्षण-चलित्रांची दुरुस्ती करणारा कारखाना आहे; विद्युत् शाखेच्या रेल्वे अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्थाही १९८८ पासून नाशिकातच आहे. ह्या विषयाचे नाशिकशी असलेले नाते त्यामुळे केवळ भौगोलिक नाही.

आरंभ घाटापासून करणे भाग आहे. कसारा ते इगतपुरी हे अंतर सुमारे १५ किलोमीटरांचे असून तेवढ्यात गाडीला जवळजवळ ३०० मीटर चढावे लागते. चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. १८६५ मध्ये हा मार्ग खुला झाला तेव्हापासून मागून रेटणाऱ्या जादा इंजिनांवाचून, म्हणजे रेल्वेच्या भाषेत बँकरांवाचून, येथे भारी गाडी चढविणे शक्य नव्हते. वाफेच्या इंजिनांची दमछाक हेच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या विद्युतीकरणामागील एक प्रमुख कारण होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत विजेच्या तारा घाट ओलांडून इगतपुरीस पोहोचल्या. ही वीज १,५०० व्होल्ट दाबाची व एकदिश, म्हणजे डी.सी. होती.

त्या काळी एकदिश प्रवाह निवडण्यात कोणतीही चूक नव्हती. गाडी ओढण्यासाठी सर्वांत योग्य चलित्र म्हणजे डी.सी. सिरीज मोटर. तिची गती नियंत्रित करण्याचा मार्ग मात्र ओबडधोबड होता. चलित्रांच्या वाटेत मोठमोठे रोध घालावयाचे आणि गाडी वेग घेऊ लागली की ते टप्प्याटप्प्याने काढून टाकावयाचे. गाडी सुटताना सर्व चलित्रे एकाच जोडणीत ठेवली, तर रोध पूर्ण निघेपर्यंत घेतलेल्या ऊर्जेपैकी निम्मी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रथम एकसरीत व नंतर समांतर जोडणी केली, तर हा तोटा सुमारे एकतृतीयांशापर्यंत उतरतो. उपनगरी गाडी दर दोन-तीन मिनिटांनी थांबते व पुन्हा सुटते. हा तोटा तेथे दिवसातून शेकडो वेळा होत असे. तो टाळण्यासाठी वेगाने उघडझाप करणारा, ठिणगी न पडणारा व झिजणारे भाग नसलेला स्विच हवा होता. परंतु १९३० साली असा स्विच अस्तित्वात नव्हता.

पुढचा टप्पा पूर्वेकडून आला. १९५७ च्या सुमारास भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट दाबाची, ५० आवर्तनांची प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी. पद्धत स्वीकारली. ह्या निर्णयामागील गणित साधे आहे. ६,००० अश्वशक्तीच्या इंजिनास सुमारे ४,५०० किलोवॅट शक्ती लागते. ती १,५०० व्होल्टला पुरवावयाची तर तारेतून ३,००० अँपिअर प्रवाह न्यावा लागतो. २५,००० व्होल्टला तेच काम सुमारे १८० अँपिअरांत भागते. तारा बारीक होतात आणि उपकेंद्रे दूर-दूर ठेवता येतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळकडून ही ए.सी. तार मनमाड व नाशिक रोडमार्गे इगतपुरीस येऊन भिडली. घाटाखालून आलेली डी.सी. आणि पठारावरून आलेली ए.सी. ह्यांची गाठ इगतपुरीच्या यार्डात पडली व पुढील कित्येक दशके तेथेच राहिली. लांब पल्ल्याच्या गाडीला तेथे इंजिन बदलावे लागे. प्रवाशांना इगतपुरीचा तो लांब मुक्काम चहा आणि वड्यांमुळे आठवत असेल. त्याचे खरे कारण डोक्यावरच्या तारेतील विजेच्या जातीत होते.

ह्या सीमेच्या दोन्ही बाजूंना जी उपकरणे लागत, त्यांचा विचार आता केला पाहिजे. ए.सी. बाजूच्या इंजिनातही चलित्रे डी.सी.च होती. त्यामुळे इंजिनातच रोहित्राने दाब उतरवून त्या प्रवाहाचे एकदिशीकरण करावे लागे. प्रारंभीच्या इंजिनांत हे काम पाऱ्याच्या वाफेचे इग्निट्रॉन करीत असत. हादरे आणि उष्णता ह्यांत त्यांची निगा राखणे कष्टाचे होते. सिलिकॉन डायोड उपलब्ध होताच इग्निट्रॉन मागे पडले, आणि ह्या एका बाबतीत मात्र नवे साधन जुन्याहून निर्विवाद सरस होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९७० च्या दशकातील डब्ल्यू.ए.एम.-४ जातीच्या इंजिनात सिलिकॉन रेक्टिफायर होता. वेगाचे नियंत्रण रोहित्राचे टॅप बदलून होई. हा टॅप-चेंजर यांत्रिक असला, तरी त्यात रोधांचा अपव्यय नव्हता.

डायोड हा झडपेसारखा आहे. त्याला आज्ञा देता येत नाही. आज्ञा पाळणारी सिलिकॉनची झडप म्हणजे थायरिस्टर. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ मध्ये गॉर्डन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला आणि लवकरच तो बाजारात आला. त्याचा गुणधर्म असा की, द्वारावर अल्पसा विद्युत्‌स्पंद दिला की तो वाहू लागतो आणि एकदा वाहू लागल्यावर द्वाराचा त्याच्यावर काहीही ताबा राहत नाही. मुख्य प्रवाह आपणहून जवळजवळ शून्यावर येईल, तेव्हाच तो बंद होतो. चालू करणे आपल्या हाती, बंद करणे परिस्थितीच्या हाती, अशी ही स्थिती होय.

ह्या एका गुणधर्मावरून इगतपुरीच्या दोन बाजूंचे भवितव्य वेगळे झाले. ए.सी. बाजूला दाब सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो. तेथे थायरिस्टरला बंद करण्यासाठी काहीच करावे लागत नाही. तारेतील वीजच ते काम फुकट करते. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तो किती उशिरा चालू करावयाचा, एवढे ठरविले की चलित्राचा दाब हवा तसा कमी-अधिक करता येतो. डी.सी. बाजूला शून्याचा क्षण येतच नाही. तेथे थायरिस्टर वापरावयाचा झाल्यास तो बंद करण्यासाठी दुसरा थायरिस्टर, भरलेले धारित्र आणि प्रवर्तक वेटोळे असे एक वेगळे मंडल बांधावे लागते. ठरलेल्या क्षणी धारित्रातील विद्युत्‌भार उलट दिशेने सोडून मुख्य प्रवाह क्षणभर मारावा लागतो. ह्या बंद करण्याच्या मंडलाचे वजन, किंमत आणि बिघाड मूळ थायरिस्टरपेक्षा अधिक. असे चॉपर जगात यशस्वी झाले नाहीत, असे नाही. टोकियोच्या चियोदा मार्गावरील ६००० मालिकेच्या गाड्यांत ते १९७१ पासून नियमित वापरात होते. बोगद्यातील उष्णता कमी करणे ही तेथील निकड होती आणि त्यासाठी जादा खर्च सोसण्याची तयारी होती.

ए.सी. बाजूला हा स्विच इतका सोयीचा असताना भारतीय रेल्वेने तो लगेच सर्वत्र का वापरला नाही, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे. थायरिस्टर उशिरा चालू केला म्हणजे प्रवाह दाबाच्या मागे पडतो. शक्तिगुणक घसरतो, तारेत उच्च आवर्तनांचे तरंग शिरतात आणि जवळच्या दूरध्वनी व सिग्नल मंडलांना त्याचा उपद्रव होतो. अनेक टप्प्यांचे पूल जोडून हा दोष कमी करता येतो, परंतु मग साधेपणा उरत नाही. १९८७-८८ मध्ये स्वीडनच्या आसेआ व जपानच्या हिताची ह्या कंपन्यांकडून डब्ल्यू.ए.जी.-६ मालिकेची अठरा थायरिस्टर इंजिने आयात करण्यात आली आणि ती पूर्व किनाऱ्याकडे वॉल्टेअर–किरंदुल ह्या डोंगरी मार्गावर चालविली गेली. त्यांची देशात पुनरुत्पत्ती झाली नाही. टॅप-चेंजर व डायोड असलेली ५,००० अश्वशक्तीची डब्ल्यू.ए.जी.-७ इंजिने मात्र १९९२ पासून चित्तरंजन येथे मोठ्या संख्येने बांधण्यात आली. ह्यात केवळ सनातनीपणा पाहणे अन्यायाचे होईल. ज्या शेडमध्ये टॅप-चेंजरचे संपर्क घासून बसविणारे कुशल हात आहेत, तेथे तोच स्विच अधिक भरवशाचा ठरतो.

हीच वृत्ती इगतपुरीच्या सीमेवर अधिक ठळकपणे दिसते. इंजिन बदलण्याचा खोळंबा टाळण्यासाठी भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने १९९७ मध्ये मध्य रेल्वेसाठी डब्ल्यू.सी.ए.एम.-३ हे दोन्ही विजांवर चालणारे इंजिन बांधले. डी.सी.वर ४,६०० व ए.सी.वर ५,००० अश्वशक्ती, अशी त्याची योजना होती. ए.सी. बाजूला त्यात टॅप-चेंजर आणि सिलिकॉन डायोड, डी.सी. बाजूला मात्र १९३० सालचेच तत्त्व, म्हणजे रोध. थायरिस्टर चाळीस वर्षांचा झालेला असताना हे इंजिन रोध वाहून घाट चढत होते! तथापि त्याच्या रचनाकारांपुढील प्रश्न पाहिला म्हणजे ही निवड समजते. हे इंजिन एकदा सुटले की पुढे दीर्घ काळ धावते. सुटतानाचा अपव्यय उपनगरी गाडीइतका वारंवार होत नाही. तेवढ्यासाठी बंद करण्याचे अवजड मंडल वागविण्यात लाभ नव्हता. घाटात संथ गतीने चढताना रोधांवर ताण पडे हे खरे. तेवढी किंमत त्यांनी जाणूनबुजून दिली असावी.

दरम्यान बंद करण्याचा प्रश्न मुळातूनच सोडविणारा स्विच आलेला होता. जी.टी.ओ., अर्थात द्वारानेच बंद होणारा थायरिस्टर, ह्याची कल्पना १९६० च्या दशकातील. पण कर्षणास पुरेल इतका मोठा जी.टी.ओ. १९८० च्या दशकातच मिळू लागला. त्याचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. जर्मनीच्या १२० मालिकेच्या इंजिनांनी १९७९ मध्ये साध्या थायरिस्टरांवर त्रिकला प्रवर्तन-चलित्र चालवून दाखविले होते. ब्रश व कॉम्युटेटर नसलेले हे चलित्र आकाराने लहान, बळकट आणि जवळजवळ देखभालमुक्त. परंतु बंद करण्याच्या मंडलांनी इंजिनाचा बराच अंतर्भाग व्यापला होता. जी.टी.ओ.ने ती मंडले अनावश्यक ठरविली. १९९३ मध्ये भारतीय रेल्वेने ए.बी.बी. कंपनीशी तंत्रज्ञान-हस्तांतरणाचा करार केला. १९९५ व १९९६ मध्ये अनुक्रमे डब्ल्यू.ए.पी.-५ व डब्ल्यू.ए.जी.-९ ही इंजिने आली. त्यांतील जी.टी.ओ. ४,५०० व्होल्टांचे असून तेलाने थंड ठेवले जात. तारेतील ए.सी. प्रथम २,८०० व्होल्टांच्या मधल्या डी.सी. दुव्यात रूपांतरित होई व त्यातून त्रिकला ए.सी. तयार करून चलित्रांस दिला जाई. पहिल्या रूपांतरातील स्विचही हवे तेव्हा बंद करता येत असल्यामुळे शक्तिगुणक जवळजवळ एक राखता येई. थायरिस्टरचा मोठा दोष अशा रीतीने दूर झाला.

जी.टी.ओ.ला मात्र त्याच्या आज्ञेचे मोल चुकवावे लागे. ३,००० अँपिअरांचा प्रवाह बंद करावयाचा तर द्वारातून सुमारे ६०० ते १,००० अँपिअरांचा उलट प्रवाह काही मायक्रोसेकंद खेचावा लागतो. त्यासाठी प्रत्येक स्विचजवळ स्वतंत्र, भक्कम द्वार-नियंत्रक लागतो; शिवाय बंद होताना दाब एकदम उसळू नये म्हणून धारित्र व रोध यांचे संरक्षक मंडलही जोडावे लागते. उघडझापेचा वेग सेकंदाला काहीशे वेळांपुरता मर्यादित राहतो.

ह्याच ठिकाणी आय.जी.बी.टी.चा प्रवेश होतो. मद्रासच्या आय.आय.टी.तून १९६९ मध्ये बाहेर पडलेले बी. जयंत बालिगा ह्यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ह्या उपकरणाचा विकास केला व १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ते प्रकाशात आले. मॉसफेटचे विद्युत्‌रोधित द्वार व ट्रॅन्झिस्टरची प्रवाहक्षमता ह्यांचा त्यात संगम आहे. द्वारास प्रवाह जवळजवळ लागत नाही. अधिक-उणे १५ व्होल्टांचा दाब पुरतो. नुसता मॉसफेट ह्या क्षेत्रात उतरू शकला नाही, कारण सिलिकॉनच्या मॉसफेटमध्ये दाब सोसण्याची क्षमता वाढवीत गेले की वाहतानाचा रोध त्याहून कितीतरी वेगाने वाढतो.

वाहतानाच्या दाबघटीचा तक्ता पाहिला, तर आय.जी.बी.टी. थायरिस्टरपुढे फिका दिसतो. १,००० अँपिअर वाहताना थायरिस्टरवर दीड-दोन व्होल्ट पडतात, उच्च दाबाच्या आय.जी.बी.टी.वर तीन-साडेतीन. म्हणजे एकात दीड-दोन किलोवॅट उष्णता, दुसऱ्यात तीन किंवा त्याहून थोडी अधिक. परंतु १,५०० व्होल्टांच्या मंडलात तेवढ्याच प्रवाहाने १,५०० किलोवॅट शक्ती वाहते. त्या मानाने हा फरक हजारात एक-दोन भागांचा होय. त्याच्या उलट द्वार-नियंत्रक लहान होतो, संरक्षक मंडल बहुधा गळते आणि स्विचचा तळ विद्युत्‌रोधित असल्यामुळे थंड करणाऱ्या पाण्याचा विजेशी संबंध येत नाही. स्विचच्या गुणांपेक्षा त्याच्याभोवतीचा पसारा किती कमी झाला, ह्यावर निवड ठरली. उणी बाजूही नोंदविली पाहिजे. जी.टी.ओ.ची दाबून बसविलेली चकती बिघडली तर ती बहुधा वाहती राहते, आय.जी.बी.टी.च्या पेटीतील बारीक तारांचे जोड तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी सुटतात व तेव्हा मंडल तुटते. घाटाच्या चढउतारात आणि उपनगरी थांब्यांवर अशा फेऱ्या सतत घडतात.

१९९३ साली जी.टी.ओ. निवडल्याबद्दल रेल्वेवर पुढे अधूनमधून टीका होत आली. ती कालविसंगत आहे. ३,३०० व्होल्टांच्या आय.जी.बी.टी. पेट्या त्या दशकाच्या मध्यास बाजारात येऊ लागल्या. करार झाला तेव्हा इतक्या शक्तीच्या इंजिनास पुरेल असा सिद्ध झालेला आय.जी.बी.टी. नव्हता. टीकेचे योग्य स्थान निराळे आहे. ज्या साधनाचे उत्पादक पुढे कमी होत जातील, त्याच्या सुट्या भागांची तरतूद कराराच्या वेळीच किती दूरदृष्टीने करावी, हा तो प्रश्न होय. चित्तरंजनने त्याच जातींच्या इंजिनांत पुढे आय.जी.बी.टी. स्वीकारले व जी.टी.ओ. मागे पडले.

मुंबईच्या उपनगरी मार्गावर नोव्हेंबर २००७ मध्ये सीमेन्सची विद्युत्‌सामग्री असलेल्या, दोन्ही विजांवर चालणाऱ्या ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांत आय.जी.बी.टी. होते. ए.सी. तारेखाली गाडीतील रूपांतरक मधला डी.सी. दुवा भरी, डी.सी. तारेखाली तारच तो दुवा भरी. पुढची त्रिकला व्यवस्था दोन्हीकडे सारखीच. येथे एका अदृश्य अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. डी.सी. मार्गावर रुळांतून ५० आवर्तनांचा सिग्नल-प्रवाह वाहतो व त्यावरून गाडीचे स्थान कळते. चलित्राची गती वाढत असता रूपांतरकाचे तरंग ह्या आवर्तनाजवळून जातात, म्हणून ते गाळून काढणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिवार्य ठरते. ए.सी. आल्यावर तर रुळांतून परतणारा कर्षण-प्रवाहच ५० आवर्तनांचा, म्हणून सिग्नलसाठी ८३⅓ आवर्तनांचा प्रवाह वापरावा लागला. स्विच जितका वेगवान, तितके त्याचे तरंग ह्या संवेदनशील पट्ट्यापासून दूर ढकलता येतात. तक्त्यातील उघडझापेच्या आकड्याचा सर्वांत गंभीर अर्थ हा आहे.

घाट उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा हा ह्या कथेचा दुसरा भाग. चलित्रे उलट जनित्रासारखी चालवून उतारावर वीज तारेत परत देता येते, पण डी.सी. उपकेंद्रात डायोड असले तर ती मागे जाऊ शकत नाही. त्याच क्षणी दुसरी गाडी चढत असेल तर तिला ती मिळते, नसेल तर ती रोधांत जाळावी लागते. ए.सी. बाजूला रोहित्र दोन्ही दिशांनी सारखेच चालते. रूपांतरकातील स्विच हवे तेव्हा बंद करता येत असल्यामुळे तीच वीज योग्य कलेत सरळ ग्रिडपर्यंत परत जाते.

नियतीचा एक विनोद असा की, सीमा निरर्थक करणारा स्विच हाती आला तेव्हा सीमाच पुसली जात होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डी.सी.ची हद्द इगतपुरीहून मुंबईकडे मागे सरकू लागली. २०१५ मध्ये मुंबईचा मुख्य मार्ग व एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग ए.सी. झाला. ज्या हार्बर मार्गावर १९२५ साली डी.सी. सुरू झाली, तेथेच तिचा शेवट झाला. ब्रश व कॉम्युटेटर नसलेल्या त्रिकला चलित्रांच्या प्रसाराबरोबर कर्षण-चलित्रांच्या दुरुस्तीच्या कामाचे स्वरूपही बदलत गेले आहे; कॉम्युटेटर घासून गुळगुळीत करण्याचे कसब आता कमी लागते.

घाट मात्र तितकाच तीव्र राहिला. चाक रुळावर घसरू न देता ओढ लावणे ही तेथील मूळ अडचण आहे, आणि तिच्यावर मात करताना चलित्राच्या ओढीवर क्षणाक्षणाला ताबा ठेवणारा स्विच उपयोगी पडतो. २०१९ मध्ये नाशिक रोडमार्गे दिल्लीस जाणारी राजधानी एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा तिला पुढे एक व मागे एक अशी दोन डब्ल्यू.ए.पी.-७ इंजिने लावून दोन्ही एकाच चालककक्षातून चालविण्याची व्यवस्था करण्यात आली. कसाऱ्यास बँकर जोडण्यासाठी आणि इगतपुरीस तो सोडण्यासाठी ही गाडी थांबत नाही.